गावच्या घरी कायमचं राहायला जाताना: वणवा, जनावर, विहीर आणि आगोट

सड्यावरची

आमच्या वाडीत वर्षानुवर्षं कुलूप असलेली घरं पुन्हा उघडायला लागली आहेत. कुणी निवृत्त झालंय, कुणी घरून काम करतंय, कुणाला वडिलांची आंबा-काजूची बाग नीट करायची आहे. मनापासून आनंद आहे. पण यातल्या बऱ्याच जणांनी गाव पाहिलेलं असतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. बारा महिने राहायचं तर काय माहीत असावं लागतं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि ज्यांना ते माहीत होतं ती म्हातारी माणसं एकेक करून गेली. म्हणून हा धागा. मी राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, कडेला राहते, तेव्हा मला नीट ठाऊक असलेल्या गोष्टीपासून, वणव्यापासून, सुरुवात करते. बाकीच्यांनी आपापलं लिहावं.

काडीपेटीशिवाय आग कशी पेटवायची याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. कोकणातल्या घरवाल्याला शिकायचं आहे ते आग लागू कशी द्यायची नाही हे. पावसाळ्यात कमरेएवढं झालेलं गवत दसऱ्यानंतर पिवळं पडतं, दिवाळी उलटली की त्याचं करड, म्हणजे कडकडीत वाळलेलं गवत, होतं, आणि तिथून पाऊस पडेपर्यंत कधीही वणवा येऊ शकतो. विडीचं थोटूक, शेजारच्या शेतात पेरणीआधी केलेली जाळणी म्हणजे भाजावळ, लोंबत्या तारांची ठिणगी, काहीही पुरतं. दहा-पंधरा वर्षं वाढवलेली काजूची बाग एका दुपारी जाते.

उपाय एकच आणि जुनाच: जाळरेषा. बागेच्या चारी बाजूंनी निदान दहा-बारा फुटांचा पट्टा माती दिसेपर्यंत साफ करायचा. उताराच्या खालच्या अंगाला हा पट्टा दुप्पट रुंद ठेवा, कारण आग चढावर फार वेगाने धावते. नुसतं गवत कापून तिथेच टाकलं तर काही उपयोग नाही, ते उचलून न्यायला हवं. हे काम नोव्हेंबर संपायच्या आत. आणि फेब्रुवारीत पुन्हा एक हात फिरवायचाच, कारण तोवर ऐन, किंजळ, साग यांची पानगळ होऊन साफ केलेल्या पट्ट्यावर पातेऱ्याचा नवा थर बसलेला असतो. हा दुसरा हात लोक विसरतात आणि मग म्हणतात, जाळरेषा असूनही आग आत आली.

ग्रास कटर वापरणार असाल तर गवत हिरवट आहे तोवरच वापरा. वाळलेल्या करडात लोखंडी पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. उशीर झालाच असेल तर कोयतीने बेणणी, म्हणजे हाताने गवतकापणी, करा. बागेतून किंवा बागेला लागून वीज गेली असेल तर खांबाभोवती आणि डीपीखाली गवताची काडी ठेवू नका. घराजवळ गवताची गंज, शेणी, जळाऊ लाकडं रचू नका. मांगरात, म्हणजे शेतातल्या झोपडीत, किंवा घरापासून लांब ठेवा. कौलारू घर असेल तर पन्हळीतला पातेरा काढत राहा. वाऱ्याबरोबर उडालेला निखारा कौलांच्या फटीतून आत जातो आणि माळ्यावर काय पेटलंय ते खाली कळत नाही.

खारोवारो

ताईनू, बरां लिवलास. एक गोष्ट वाढवतंय. सकाळी डोंगरार धूर बघून 'आग लांब आसा' म्हणान घरात बसान रवा नको. अकरा-बारा वाजले की खारो वारो सुटता आणि आग दर्याच्या बाजूसून डोंगराकडे धावाक लागता. रात्री मतलय वारो सुटलो की सगळा उलटा. आधी वारो बघा, मगे आग.

सगळ्यांना समजावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. वणवा विझवायला जाणाऱ्यांनी हे पाळावं. आगीच्या तोंडासमोर कधीही उभं राहायचं नाही, आणि तिच्या वरच्या चढावर तर मुळीच नाही. जळून गेलेल्या बाजूने शिरून कडेकडेने मारत पुढे जायचं. पळायची वेळ आली तर वर डोंगराकडे पळू नका. जे आधीच जळून काळं झालंय तिकडे या, तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं. हातात टाळ, म्हणजे पानांनी भरलेली ओली फांदी, हवा. तो आपटायचा नाही. आपटल्याने निखारे उडतात. दाबून धरायचा आणि ओढायचा. अंगावर सुती कपडे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. एकट्याने जायचं नाही. बाग वाचली तरी माणसं लगेच परत फिरवू नका, कुजलेल्या बुंध्यात विस्तव राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की पुन्हा उठतो.

वनखात्याचा 1926 हा क्रमांक फोनमध्ये असू द्या. पण पहिला अर्धा तास आग आपल्यालाच सांभाळायची असते, म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकत्र जाळरेषा काढावी. प्रत्येकाच्या कुंपणाभोवती वेगळा पट्टा काढण्यापेक्षा सगळ्या वाडीभोवती एकच काढला तर मजुरी वाचतेच, शिवाय आग लागली तर धावणारी माणसं आधीच एकमेकांना सांगून ठेवलेली असतात.

पुणेकर लांजेकर

धागा वाचून फार बरं वाटलं. आम्ही पुण्यात आणि आई लांज्याजवळ घरी एकटी. वय 74. पुण्यात यायला तयार नाही, आणि तिचं तिथे असणं मलाही पटतं, फक्त काळजी वाटते. वणव्याचं शेजाऱ्यांशी बोलतो. पण माझी खरी भीती जनावराची, म्हणजे सापाची, आहे. गेल्या पावसात पडवीत दोनदा निघालं. जवळचं मोठं रुग्णालय गाडीने तासभर. आईला मी नक्की काय सांगून ठेवू?

सिस्टर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करून निवृत्त झाले आहे. आईंसाठी सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, जमिनीवर झोपायचं नाही. खाट हवी, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. हे डासांपेक्षाही मण्यारीसाठी. मण्यार रात्री फिरते, भक्ष्याच्या मागे घरात येते आणि झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणत. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन खाली यायला लागतात, बोलणं जड होतं. घरच्यांना पित्त वाटतं, आल्याचा रस देतात, आणि तेवढ्यात श्वास थांबायची वेळ येते. पावसाळ्यात रात्री बरा झोपलेला माणूस पहाटे असा उठला तर साप कुणी पाहिलेला नसला तरी गाडी काढा. मी हे पोटतिडकीने लिहितेय, कारण उशिरा आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपल्याकडचे मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सड्यावर आणि गडग्यांत, म्हणजे दगडी बांधांत, फुरशाचंच राज्य. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, डिवचलं की अंगाची वेटोळी घासून करकर आवाज करतं. गडग्याचे दगड हलवताना आधी काठी फिरवा, आणि दगड असा उलथा की उघडणारी बाजू आपल्यापासून लांब राहील, म्हणजे खाली काही असलं तर मध्ये दगड असतो. लाकडं, शेणी, नारळाची सोडणं यांत अंधारात हात घालायचा नाही. अंधार पडल्यावर अंगणात उतरतानाही बॅटरी आणि पायात बूट. घरात धान्य उघडं नसलं तर उंदीर येत नाहीत, उंदीर नसले तर जनावरही कमी येतं.

चावलंच तर: माणसाला बसवा किंवा आडवं करा, धीर द्या, चालवू नका. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. ज्या हातापायाला चावलंय तो फळी किंवा काठी लावून, हाड मोडल्यावर बांधतो तसा, सैलसर बांधा म्हणजे हलणार नाही. दोरीने आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ नाही. चावल्याची वेळ लिहून ठेवा. 108 ला फोन करा, पण गाडी यायला उशीर असेल तर वाडीतली मिळेल ती गाडी घ्या आणि वाटेत रुग्णालयात फोन करून सिरम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आहे का ते विचारा. नाग-मण्यारीची शंका असेल तर श्वासाचं यंत्र आहे का तेही विचारा. साप मारून आणायची गरज नाही. या चौघांवर एकच सिरम चालतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून ठरवतात. घोणस-फुरशाच्या चाव्यात हिरड्यांतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागतं. त्यासाठी एक साधी तपासणी असते. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर विष भिनलंय. लहान मुलालाही सिरमची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण ती विषाच्या मानाने असते, वजनाच्या नाही. काही डॉक्टरांनाही पालकांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

लाल विंचवाबद्दल एवढंच. लहान मुलाला चावून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर हृदयावर परिणाम होतोय असं समजून ताबडतोब दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीने हे मृत्यू किती कमी होतात ते दाखवून दिलं. एकेकाळी कोकणात विंचवाने मुलं दगावायची, हे आजच्या पिढीला सांगूनही खरं वाटत नाही.

कातळकडा

सिस्टर, माहिती उत्तम, पण एक विचारतो. आमच्या गावात झाडपाल्याचं औषध देणारं एक घर आहे. त्यांच्याकडून बरी झालेली माणसं मी स्वतः ओळखतो. पैसाही घेत नाहीत. सगळंच खोटं कसं म्हणायचं?

सिस्टर

दादा, ती माणसं खोटं बोलत नाहीत आणि बरे झालेलेही खरेच. पण आपल्या भोवतालचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, कवड्या चावला तर माणूस औषधाशिवायही बराच होणार. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी सगळी माणसं त्या घरात बरी होतात आणि औषधाचं नाव होतं. ज्याच्या अंगात विष खरंच गेलंय त्याचे मात्र तिथे दोन तास जातात, आणि सिरम जितकं उशिरा तितकं त्याचं काम कमी. माझी विनंती अशी की त्या घरच्यांशीच बोला. आमच्या केंद्राच्या हद्दीतले एक आजोबा पाला द्यायचे, पण गाडीत बसवून द्यायचे आणि स्वतः बरोबर यायचे. रुग्ण त्यांच्यामुळे शांत राहायचा. त्याचाही उपयोग होतोच.

रहाटवाला

विहिरीवर मी लिहितो, माझा पंपांचा धंदा होता.

बंद घराची विहीर म्हणजे वर्षानुवर्षं पडलेला पाला आणि गाळ. तो कुजून आतला प्राणवायू कमी झालेला असतो आणि विषारी वायू तळाशी साठलेला असतो. गाळ काढायला उतरलेला माणूस हाक न मारता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका घरातली तीन-तीन माणसं अशी गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. जुने लोक पेटता कंदील सोडून बघत. कंदील विझला तर उतरायचंच नाही हे पक्कं. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं धरून चालू नका, काही विषारी वायूंत तो विझत नाही. आधी पाणी उपसा, झावळी बांधून वर-खाली करून किंवा पंख्याने हवा खेळवा, आणि उतरणाऱ्याच्या छाती-काखेतून दोर बांधून वर निदान दोन माणसं ठेवा. तो बोलायचा थांबला की ओढून घ्यायचं, खाली कुणी उडी मारायची नाही. डिझेल-पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवणं म्हणजे धूर आत कोंडणं. ते कधीही करू नका.

पिण्याचं पाणी: ताजी ब्लीचिंग पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. हिशेब असा की व्यास गुणिले व्यास गुणिले 3.14, भागिले 4, गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला 1000 ने गुणलं की लिटर. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्यायची, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हेलकावायची. खालचा चुन्याचा साका विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. रात्री टाकून सकाळी पाणी भरा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आणि पूर आल्यावर हे करायलाच हवं. पावडरची पुडी उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी.

केळशीकडची

आम्ही दापोलीच्या बाजूचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्या दिवसापासून आमच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी वेगळ्या तऱ्हेने होते, ती सांगते. तांदूळ, कुळीथपीठ, सुकट, आमसुलं, मीठ हे तर पूर्वीपासून होतंच. त्यात आता मोठी करवत, कुऱ्हाड, जाड दोर, ताडपत्री आणि महिनाभर पुरतील एवढी आईंची रक्तदाबाची औषधं आली. वादळानंतर रस्ता झाडांनी बंद होता, वीज नव्हती, मोबाइलचा टॉवर बंद, पेट्रोल पंप बंद, एटीएम बंद. घरात रोख पैसे होते त्यांचंच भागलं. विजेशिवाय विहिरीचा पंप चालत नाही, तेव्हा रहाट काढून टाकलेल्यांचे फार हाल झाले. कळशी आणि दोर कायम विहिरीवर असू द्या.

मे महिन्यात कौलं चाळून, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावून, घ्या, पत्र्यांचे हूक तपासा, घरावर येणाऱ्या झावळ्या आणि सुकलेले नारळ उतरवा. वादळाच्या वेळी माजघर सगळ्यात सुरक्षित: बाहेरची भिंत नाही आणि डोक्यावर माळा. मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर यायचं नाही. वादळाचा डोळा वरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढ्याच जोराचा वारा येतो. नंतरही घाई नको. पडलेली तार जिवंतच समजायची. आडव्या पडून अडकलेल्या झाडात ताण असतो, चुकीच्या ठिकाणी करवत लावली तर खोड उसळून अंगावर येतं. आमच्याकडे वादळापेक्षा नंतरच्या साफसफाईत जास्त जण जखमी झाले. जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली लावू नका, त्याचा धूर झोपेत माणूस मारतो. आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नका. तुमची वीज उलट लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

खारोवारो

आकाशातल्या विजेचं राहिलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. 30 सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, सड्यावरून खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली किंवा उघड्या मांगरात थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप सगळ्या गुराख्यांच्या फोनमध्ये घालून द्या. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही. श्वास आणि नाडी बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

पाण्याने भरलेला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडू नका, पाणी गुडघ्याएवढंच दिसलं तरी.

पुणेकर लांजेकर

सगळ्यांचे आभार. आईला सिस्टरचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. मच्छरदाणीचं तिला पटलं, खाट माळ्यावरून काढायला शेजारचा मुलगा येणार आहे. दोन प्रश्न राहिले. घरामागे डोंगर चढतो, आणि मागल्या दारी मोठा फणस घराकडे झुकलाय. त्याचं काय करू?

सड्यावरची

डोंगराचं आधी. 2014 चं माळीण, 2021 चं तळिये, 2023 ची इर्शाळवाडी, तिन्ही दरडी जुलैमधल्या सततच्या पावसातल्या. पावसाळ्याआधी स्वतः घरामागे चढून बघा: जमिनीला लांबट भेगा, वाकलेली झाडं किंवा खांब, नव्याने कललेला गडगा. पावसात बघायचं ते पाणी. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ झाला, किंवा भर पावसात पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी एकाएकी आटलं, तर वर काहीतरी सरकलंय. तेव्हा सामान न आवरता आईंनी ज्या घरी जायचं ते घर आत्ताच ठरवा, आणि ते पऱ्याच्या वाटेवर नसावं. घरामागे जेसीबीने डोंगर कापून अंगण वाढवू नका. वरून येणारं पाणी घराला वळसा घालून जाईल असा चर मात्र मे महिन्यात साफ करून घ्या.

फणस नुसता झुकलेला आहे म्हणून तोडू नका. वर्षानुवर्षं तसाच वाढला असेल तर त्याची मुळंही त्या हिशेबाने धरलेली असतात. झुकाव अलीकडचा आहे का ते शेजाऱ्यांना विचारा. बुंध्याशी माती फुगली किंवा फाटली असेल, खोडावर अळंबी उगवली असेल, कोयतीच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर धोका आहे. बहुतेक वेळा घरावरच्या दोन-तीन जड फांद्या मे महिन्यात उतरवल्या की वजन कमी होतं आणि झाड टिकतं. पूर्ण तोडायचा झाला तर परवानगी लागते. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, साग, ऐन, किंजळ यांच्याबरोबर फणसही आहे. सातबारा आणि झाडाचे फोटो घेऊन अर्ज करा. तोडणाऱ्याला फांद्या दोर लावून उतरवायला सांगा, नाहीतर कौलं जातील. लाकूड विकू नका. फणसाचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, तुमच्या पडवीचे वासे बदलायचे असतील तर त्यातच होतील. नोव्हेंबरात याल तेव्हा कळवा, आमचे सुतार लांज्याकडे कामाला येतात, त्यांना दाखवता येईल.